बाहेर जाणाऱ्या नळीचा हिशेब

बायोरिॲक्टरचं, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीचं, चित्र काढा म्हटलं की नवीन मुलं आधी टाकी काढतात, मग मधोमध ढवळणी, मग वरून येणाऱ्या फीडच्या दोन-तीन नळ्या, त्याही जाड बाणांसकट. बाहेर जाणारी नळी शेवटी आठवते. खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ, तिच्यापुढे 'वेस्ट' असं लिहिलेलं. कंटिन्युअस कल्चरमध्ये, म्हणजे सतत प्रवाहात पेशी वाढवण्यात, बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालंय की चित्राची सुरुवात त्या रेघेपासून करायला हवी. आत काय घालता याला महत्त्व आहेच. पण पेशी किती वेगाने वाढणार, किती दाट होणार, किती जिवंत राहणार हे कळायचं असेल तर बाहेर काय जातंय आणि काय आत अडकून राहतंय ते आधी बघा.

बॅचमध्ये ही भानगड नसते. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) भरलं, पेशी सोडल्या, झाकण बंद. पेशी वाढतात, ग्लुकोज संपतं, लॅक्टेट आणि अमोनिया साचतात, वाढ थांबते आणि मग पेशी मरायला लागतात. फेड-बॅचमध्ये मधूनमधून फीड देऊन हा शेवट पुढे ढकलता येतो, एवढंच. सतत प्रवाहात ताजं मीडियम एकसारखं आत येतं, तेवढंच जुनं बाहेर जातं, टाकीतलं आकारमान बदलत नाही आणि पेशी दिवसेंदिवस एकाच परिस्थितीत जगतात.

१९५० साली ही गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली. पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी आणि शिकागोत ॲरन नोविक व लिओ झिलार्ड यांनी. अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना ज्यांना सुचली तेच हे झिलार्ड. युद्धानंतर ते जीवाणूंकडे वळले होते. अशा टाकीला 'केमोस्टॅट' हे नाव नोविक-झिलार्ड यांनी दिलं. यंत्र इतकं साधं की पहिल्यांदा बघणाऱ्याला यात शोध लावण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडावा. गंमत आहे ती त्यामागच्या हिशेबात.

एक लिटरचा केमोस्टॅट घ्या. तासाला ३०० मिलिलिटर मीडियम आत, तेवढंच बाहेर. प्रवाहाला आकारमानाने भागलं की डायल्यूशन रेट मिळतो, इथे ताशी ०.३. टाकी नीट ढवळलेली असेल तर पेशी याच दराने बाहेर वाहून जात असतात. टाकीतली संख्या टिकायची असेल तर वाढही बरोबर याच दराने व्हायला हवी. ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले ०.३, म्हणजे साधारण २.३ तासांत दुप्पट. आता पंप वाढवून तासाला ५०० करा. नवा तोल जमेपर्यंत थांबा आणि मग मोजा. त्याच पेशी आता १.४ तासांत दुप्पट होत असतात. तापमान तेच, पीएच तोच, फीडची बाटलीही तीच.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पण पेशींना कळतं कसं?"

कळत काहीच नाही. पंप वाढवल्याबरोबर पेशी वाढतात त्यापेक्षा जास्त वेगाने बाहेर जायला लागतात, त्यामुळे टाकीतली संख्या घटते. खाणारी तोंडं कमी झाली की ग्लुकोज थोडं जास्त उरतं. ग्लुकोज जास्त उरलं की राहिलेल्या पेशी जास्त वेगाने वाढतात. वाढीचा दर बाहेर जाण्याच्या दराला गाठेपर्यंत हे चालतं आणि तिथे थांबतं. पंप कमी केला तर हेच सगळं उलट्या दिशेने घडतं. मोनो यांचं समीकरण एवढंच सांगतं की मर्यादित असलेलं पोषकद्रव्य टाकीत किती उरलंय त्यावर वाढीचा वेग ठरतो, आणि काही केल्या तो एका कमाल मर्यादेपलीकडे जात नाही.

यातून निघणारी एक गोष्ट लोकांना सहजी पटत नाही. फीडमधलं ग्लुकोज दुप्पट केलं तर पेशींची वाढ जलद होत नाही. पेशींची संख्या साधारण दुप्पट होते आणि वेग पंपाने ठरवलेलाच राहतो. ई. कोलाय या जीवाणूला लिटरमागे ५ ग्रॅम ग्लुकोजचं फीड द्या किंवा १० ग्रॅमचं, टाकीत उरतं ते दोन्ही वेळा काही मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. केमोस्टॅटमधली पेशी कायम अर्धपोटी असते, आणि तिला नेमकं किती अर्धपोटी ठेवायचं हे आपल्या हातात असतं. बॅचमध्ये हे जमत नाही, कारण तिथे भूक येते तीच मुळी शेवटच्या तासात.

पंप वाढवत नेला की एका टप्प्यावर खेळ संपतो. ई. कोलायचा ग्लुकोजच्या साध्या मीडियममधला कमाल वेग ताशी ०.७ धरू. डायल्यूशन रेट त्याच्या बराच खाली असेपर्यंत पेशींची घनता जवळजवळ हलतही नाही. ०.७ च्या अगदी जवळ पोचलात की ती कड्यावरून पडल्यासारखी कोसळते. हा वॉशआउट. पंप ताशी १.० वर ठेवला तर पेशी ०.७ ने वाढत असतात, १.० ने जात असतात, म्हणजे संख्या ताशी ०.३ ने घटत जाते. हा उतार मोजून कमाल वेग काढतात, आणि माझ्या मते तो काढायची सगळ्यात प्रामाणिक रीत हीच. ज्यांना मुद्दाम त्या कड्याच्या टोकावरच राहायचं असतं ते टर्बिडोस्टॅट वापरतात. तिथे पंपाचा वेग ठरवलेला नसतो. गढूळपणा मोजून तो ठराविक पातळीच्या वर गेला की यंत्र आपोआप मीडियम सोडतं.

कागदावर हे सगळं सरळ आहे. खरं घोडं पेंड खातं ते बाहेरच्या नळीत.

लहान टाक्यांत आकारमान कायम ठेवायची जुनी युक्ती अशी की बाहेर काढणाऱ्या नळीचं तोंड हव्या त्या पातळीवर बसवायचं आणि तिचा पंप आत येणाऱ्या पंपापेक्षा जलद चालवायचा. पातळी वर आली की द्रव ओढला जातो, खाली गेली की नुसती हवा. नळीत द्रवाचे आणि हवेचे तुकडे आलटून पालटून जाताना दिसतात आणि कानाला त्याची घुरघुर ओळखीची होते. ती थांबली की मान आपोआप वळते. पण ही नळी पातळी बघते, द्रव बघत नाही. ढवळणी जलद केली किंवा हवा वाढवली की द्रवात जास्त बुडबुडे अडकतात आणि पातळी वर चढते. नळी ते जास्तीचं ओढून टाकते. आता टाकीत प्रत्यक्ष द्रव कमी राहिलाय, पंप मात्र तोच, म्हणजे डायल्यूशन रेट तुमच्या नकळत वाढला. म्हणून जमेल तिथे टाकी वजनकाट्यावर ठेवावी.

फेस हा दुसरा गुन्हेगार. नळीचं तोंड फेसात असेल तर बाहेर जाणाऱ्या द्रवातली पेशींची घनता टाकीतल्यापेक्षा वेगळी असते, आणि 'टाकीत जे आहे तेच बाहेर जातं' हे गृहीतकच कोसळतं. वरचं सगळं गणित त्याच गृहीतकावर उभं आहे.

तिसरी गोष्ट भिंतीची. काचेवर, प्रोबच्या खोबणीत, नळीच्या तोंडाशी पेशींचा पातळ थर धरतो. हा थर वाहून जात नाही. तो बसल्या जागी वाढतो आणि टाकीत पेशी सोडत राहतो. त्यामुळे डायल्यूशन रेट कमाल वेगाच्या वर नेला तरी कल्चर पूर्ण धुऊन निघत नाही, आणि एखाद्याला वाटतं की आपल्या हाती कुणी विलक्षण जलद वाढणारी जात लागलीय. आधी भिंत बघावी.

फीडच्या नळीतून जीवाणू प्रवाहाच्या विरुद्ध वर चढू शकतात, हे ऐकून लोक हसतात. नळीच्या भिंतीला धरून वाढत वाढत ते थेट फीडच्या बाटलीपर्यंत पोचतात. त्यावर उपाय म्हणजे मध्ये हवेची जागा सोडायची, म्हणजे फीड थेंबाथेंबाने पडेल आणि चढायला सलग वाटच राहणार नाही. पण लहान टाकीत प्रवाह फार कमी असला की दोन थेंबांमध्ये बराच वेळ जातो आणि तेवढ्यात पेशी आलेलं ग्लुकोज संपवून मोकळ्या होतात. तुमच्या मते सतत प्रवाह, त्यांच्या मते पोटभर आणि उपाशी यांचा झोका. पेरिस्टाल्टिक पंपातली सिलिकॉनची नळीही दाबली जाऊन जाऊन चपटी होते आणि तेवढ्याच आरपीएमला कमी द्रव ढकलते. पंपाच्या डिस्प्लेवर मी विश्वास ठेवत नाही. बाटली काट्यावर ठेवून वजन किती घटतंय ते बघते.

आता प्राण्यांच्या पेशींकडे येऊ, कारण माझी रोजची भाकरी तीच आहे. सीएचओ पेशी (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या, औषधी प्रथिनं बनवायला वापरतात त्या) साधारण एका दिवसात दुप्पट होतात. मग साध्या केमोस्टॅटमध्ये दिवसाला टाकीच्या ०.७ पटीपेक्षा जास्त मीडियम सोडताच येत नाही, नाहीतर पेशी धुऊन जातात. एवढ्याशा मीडियमवर मिलिलिटरमागे काही दशलक्ष पेशी जगतात. ही घनता प्रथिनं बनवण्याच्या कामी परवडत नाही.

तोडगा असा की मीडियम बाहेर जाऊ द्यायचं आणि पेशींना दारातच अडवायचं. हे पर्फ्युजन. अडवण्याचे प्रकार बरेच आहेत. तिरप्या पट्ट्यांवर पेशी खाली बसवतात, ध्वनिलहरींनी गोळा करतात, किंवा पोकळ तंतूंच्या फिल्टरमधून मीडियम गाळतात. सध्या जास्त चालतो तो तंतूंचा फिल्टर. त्यातल्या एका पद्धतीत, जिला आम्ही एटीएफ म्हणतो, खालचा पडदा हवेच्या दाबाने वर-खाली होतो आणि कल्चर तंतूंमधून पुढे-मागे ढकललं जातं. जाता-येता तंतूंच्या आतला थर थोडा झाडला जातो, त्यामुळे फिल्टर जास्त दिवस टिकतो. त्या पडद्याचा ठोका मंद, एकसारखा असतो. रात्रपाळीला त्याच्याइतकी सोबत कुणाची नसते.

अशा टाकीत मिलिलिटरमागे ५० ते १०० दशलक्ष पेशी सहज ठेवता येतात. मीडियम किती द्यायचं हे आता पेशींच्या हिशेबाने ठरतं. एका पेशीला दिवसाला ३० पिकोलिटर मीडियम लागतं असं धरा. मिलिलिटरला ५० दशलक्ष म्हणजे लिटरला ५००० कोटी पेशी. गुणाकार केला की दिवसाला टाकीच्या दीडपट मीडियम. प्रथिनही त्याबरोबर बाहेर पडतं, म्हणजे सरासरी १६ तासच टाकीत राहतं. फेड-बॅचमध्ये ते दोन आठवड्यांपर्यंत ३७ अंशांच्या गरम, एन्झाइम्सनी भरलेल्या द्रवात पडून असतं. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठसारखं नाजूक प्रथिन पर्फ्युजनने बनवायची पद्धत पडली ती याचमुळे.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र घाम फोडतो. ५० दशलक्षच्या घनतेला लिटरभर कल्चर तासाला १० मिलिमोलच्या आसपास ऑक्सिजन खातं. हवेने संपृक्त केलेल्या मीडियममध्ये विरघळलेला असतो तो जेमतेम ०.२ मिलिमोल. म्हणजे पुरवठा बंद पडला तर मिनिट-सव्वा मिनिटात टाकी कोरडी. त्यामुळे शुद्ध ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे सोडायचे. पण बारीक बुडबुडे कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्यात ढिले असतात, तो काढायला मोठे बुडबुडे लागतात. पृष्ठभागावर बुडबुडा फुटताना शेजारच्या पेशीही फाटतात, म्हणून मीडियममध्ये पेशींना त्यापासून वाचवणारं पोलोक्झामर घालतात. एवढं करून फेस आलाच आणि सिलिकॉनचं अँटीफोम घातलं, तर ते जाऊन फिल्टरच्या छिद्रांत बसतं. इथे एक गाठ सोडवली की दुसरी घट्ट होते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ब्लीडकडे. फिल्टर जिवंत-मेलेलं ओळखत नाही, सगळ्याच पेशी आत ठेवतो. पेशी वाढतच राहणार, म्हणून थोडं कल्चर पेशींसकट बाहेर सोडावं लागतं. तोच ब्लीड. संख्या स्थिर असेल तेव्हा निव्वळ वाढ बरोबर ब्लीडएवढी असते. नोविक-झिलार्ड यांचा जुना नियम इथे दुसऱ्या दाराने आत येतो. केमोस्टॅटमध्ये वेग ठरवणारा होता मुख्य प्रवाह, इथे ठरवते ही बारकी नळी.

मेलेल्या पेशींना बाहेर पडायला एवढीच वाट असते. समजा दिवसाला १ टक्का पेशी मरतात आणि ब्लीड दिवसाला टाकीच्या ०.१ पट आहे. मेलेल्या पेशी फुटून विरघळत नाहीत असं धरलं तर दर १० जिवंत पेशींमागे १ मेलेली, म्हणजे व्हायबिलिटी (एकूण पेशींतल्या जिवंत पेशींचं प्रमाण) ९१ टक्क्यांच्या आसपास. ब्लीड निम्म्यावर आणला तर मृत्युदर तोच असूनही १० मागे २, व्हायबिलिटी ८३. पेशींच्या तब्येतीत काहीच बिघडलेलं नाही, फक्त कचरा उचलणारा निम्म्या वेळा येतोय. मग ब्लीड भरपूर का ठेवू नये? कारण त्यातून प्रथिनही जातं. दीडपट पर्फ्युजनमध्ये ०.१ ब्लीड म्हणजे जवळपास ७ टक्के माल गेला. ०.३ ठेवला तर २० टक्के. म्हणून बरेच जण पेशी पुरेशा दाटल्या की तापमान ३७ वरून ३३ च्या आसपास आणतात. वाढ मंदावते, ब्लीड कमी लागतो, आणि पेशी प्रथिन बनवत राहतात.

एकदा शिफ्ट बदलताना आमच्याकडचा एक उत्साही मुलगा म्हणाला, "मॅडम, कालपासून काउंट मस्त चढतोय."

"ब्लीडची बाटली किती भरली?"

"ते बघितलं नाही. पण अलार्म एकही नाही."

अलार्म येणारच नव्हता. हार्वेस्टचा, म्हणजे फिल्टरमधून गाळलेलं मीडियम बाहेर काढणारा, पंप ठराविक वेगाने चालू होता आणि फीड टाकीच्या वजनावर बांधलेलं होतं. ब्लीड बंद पडल्यावर वजन राखायला फीडने आपसूक थोडं हात आखडता घेतला, बाकी सगळे आकडे जागच्या जागी. क्लॅम्पखाली पेशींचा गठ्ठा अडकून नळी गच्च झाली होती. ट्रेंडवर बदललं होतं ते फक्त कपॅसिटन्स प्रोबचं रीडिंग, जे जिवंत पेशींचं आकारमान दाखवतं, आणि ते वर जात असल्यामुळे कुणाला खटकलं नाही. वर जाणाऱ्या रेघेबद्दल कोणी तक्रार करत नाही. नळी बदलली, काउंट हळूहळू खाली आणला, रन वाचला. तेव्हापासून ब्लीडची बाटली काट्यावर असते आणि तिचं वजन दर तासाला लिहिलं जातं. कंटाळवाणं काम आहे, सगळे कुरकुर करतात, तरी लिहितात.

हार्वेस्टच्या बाजूलाही असाच चोर असतो. दिवसामागून दिवस फिल्टरच्या छिद्रांत पेशींचे तुकडे आणि डीएनए बसत जातात. पाणी जात राहतं, प्रथिन मात्र अडखळायला लागतं. हार्वेस्टमध्ये प्रथिन कमी झालं की लोक पेशींना दोष देतात. खरं तर ते टाकीत साचत असतं. टाकी आणि हार्वेस्ट दोन्हींची सॅम्पल शेजारीशेजारी मोजली की फरक लगेच दिसतो.

रन किती दिवस चालवायचा, याचं उत्तर यंत्रापेक्षा पेशींकडे जास्त असतं. सतत प्रवाह म्हणजे सतत निवड. जरा जलद वाढणारी किंवा जरा जास्त चिकटणारी पेशी हळूहळू बाकीच्यांना बाहेर काढते. इंग्लंडमध्ये बिलिंगहॅमला फ्युझेरियम व्हेनेनेटम या बुरशीपासून उंच एअरलिफ्ट टाक्यांत (हवेच्या बुडबुड्यांनीच ढवळल्या जाणाऱ्या) सतत प्रवाहाने क्वॉर्न या मांसाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाचं मायकोप्रोटीन बनतं. तिथेही हजारेक तासांनंतर आखूड, दाट फांद्यांचे म्युटंट डोकं वर काढतात. ते विषारी वगैरे नसतात, पण धागे आखूड झाले की मालाचा पोत बिघडतो, म्हणून रन थांबवावा लागतो. प्रथिन बनवणाऱ्या पेशीच्या दृष्टीने तर प्रथिन म्हणजे निव्वळ ओझं. ते टाकून देणारी पेशी हलकी होऊन पुढे पळते. सीएचओचे रन साधारण महिना-दोन महिने चालतात आणि शेवटच्या दिवसाच्या पेशीही पहिल्या दिवसाइतक्याच कामाच्या आहेत हे आधीच दाखवून द्यावं लागतं.

मग प्रश्न येतो, सतत बाहेर येणाऱ्या मालातली एक 'बॅच', म्हणजे एक खेप, कशाला म्हणायचं? नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच क्यू१३ या औषधांच्या सतत उत्पादनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती तयार मालाच्या प्रमाणावरून, आत घातलेल्या मालावरून किंवा चालवलेल्या वेळेवरून ठरवता येते. पण एखादं मीडियम सदोष निघालं तर त्याचा अंश किती दिवसांच्या मालात गेला हे सांगता आलं पाहिजे, आणि टाकी धुऊन निघायला आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ घेते. एक आकारमान मीडियम जाऊन आलं तरी जुन्यातलं ३७ टक्के उरतं, तीन आकारमानांनंतर ५ टक्के, पाचानंतर १ टक्क्याहून कमी. स्टेडी स्टेट, म्हणजे नवा तोल, आलं असं म्हणायच्या आधी तीन ते पाच आकारमानं थांबायचं ते यासाठीच. ताशी ०.१ च्या केमोस्टॅटला हे ३० ते ५० तास होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राफ सपाट दिसला म्हणून घाईने सॅम्पल काढणाऱ्यांना मी परत पाठवते.

पर्फ्युजन घ्यावं की फेड-बॅच, असं कुणी विचारलं तर मी आधी मीडियम कुठे ठेवणार ते विचारते. ५०० लिटरची टाकी, दिवसाला दीडपट, ३० दिवस: २२,५०० लिटर मीडियम. ते बनवायचं, गाळायचं, थंड ठेवायचं, निर्जंतुक जोडण्यांनी एकामागून एक जोडत राहायचं, आणि यातली एक जोडणी फसली तरी सगळं पाण्यात. टाकी लहान झाली म्हणून जागा वाचली असं कुणी सांगितलं तर त्यांची मीडियमची खोली बघून घ्या. प्रथिन नाजूक असेल तर हा सगळा उपद्व्याप करण्यात अर्थ आहे. धट्टंकट्टं अँटिबॉडी असेल आणि फेड-बॅच भरपूर देत असेल, तर मी निदान पर्फ्युजन मुख्य टाकीत न करता त्याच्या आधीच्या बीजटाकीत करेन. तिथे पेशी आठवड्याभरात दाट करून घ्यायच्या, मोठी टाकी त्यांनी भरायची आणि पुढचं काम जुन्या पद्धतीने चालू द्यायचं. बीजटाकीत ब्लीडही लागत नाही, कारण पेशी स्थिर ठेवायच्याच नसतात.